पोच कुणी द्यायची?

बारावीचे निकाल लागले की पलूस तालुक्यातल्या कुंडलच्या पेठेत झेरॉक्सच्या दुकानापुढे सकाळी दहापासून रांग लागते. त्या रांगेतली एक मुलगी मोबाइल पुढे करते. मूळ गुणपत्रक तिने आधी प्रवेश घेतलेल्या एका कॉलेजात अडकून पडले आहे. आता दुसरीकडे नंबर लागला, म्हणून डिजिलॉकरमधून प्रत उतरवून आणली आहे. दुकानदार ती फाइल आपल्या व्हॉट्सअॅपवर मागवतो, संगणकावर उघडतो आणि प्रिंट काढतो. कागद हातात येतो तेव्हा सहीच्या जागी पिवळे प्रश्नचिन्ह असते आणि शेजारी इंग्रजीत 'व्हॅलिडिटी अननोन'. "दादा, हे काय आलंय?" "सगळ्यांचं तसंच येतंय ताई, चालतंय." कॉलेजच्या खिडकीवर मात्र ते चालत नाही. कारकून प्रश्नचिन्हावर बोट ठेवतो आणि म्हणतो, ओरिजनल घेऊन या.

या प्रसंगात दुकानदाराने काही गैर केलेले नाही, मुलीनेही नाही. कारकुनाला तरी दोष कसा द्यायचा? उद्या प्रवेश तपासणीत खोटे गुणपत्रक निघाले तर जाब त्यालाच विचारला जाणार. गोची व्यवस्थेची आहे, आणि ती नेमकी कुठे आहे हे नीट पाहिले पाहिजे. कारण गुणपत्रके 'डिजिटल' झाल्याचे आपण गेली काही वर्षे ऐकत आहोत, आणि तरीही पोराटोरांची पायपीट थांबलेली नाही.

आधी त्या प्रश्नचिन्हाविषयी. डिजिटल सही म्हणजे सहीचे चित्र नव्हे. फाइलमधल्या प्रत्येक अक्षराचा मिळून एक गणिती ठसा काढला जातो आणि तो देणाऱ्या संस्थेच्या गुप्त किल्लीने बंद केला जातो. फाइलमध्ये एका आकड्याचा जरी फरक झाला, ६१ चे ८१ केले, तरी ठसा जुळत नाही. फाइल उघडणारा संगणक हा ठसा ताडून पाहतो आणि शिवाय विचारतो की, किल्ली ज्याची म्हणता त्याला मी ओळखतो का? भारतात अशा किल्ल्यांना मान्यता देणारी सरकारी यंत्रणा आहे. पण दुकानातल्या संगणकावरच्या पीडीएफ वाचकाला तिची ओळख करून दिलेली नसते. म्हणून तो म्हणतो, सही आहे, पण सही करणारा माझ्या ओळखीचा नाही. पिवळ्या प्रश्नचिन्हाचा अर्थ एवढाच. कागद खोटा आहे असे ते कुठेही म्हणत नाही. त्या सहीवर क्लिक करून सही करणाऱ्याची ओळख एकदा पक्की केली, तर तिथेच हिरवी खूण उमटते. दुकानात हे कुणी करत नाही, कुणी कुणाला शिकवलेलेही नाही.

मात्र याहून मोठी गोष्ट पुढे आहे. हिरवी खूण उमटवून प्रिंट काढली तरी त्या कागदाला फाइलचे बळ येत नाही. ठसा फाइलमध्ये असतो, शाईत उतरत नाही. हिरवी खूण कुणालाही कागदावर छापता येते. छापलेल्या प्रतीवर तपासण्यासारखे उरते ते फार तर क्यूआर कोडचे चौकोनी चिन्ह. ते मोबाइलने वाचले, त्यातून देणाऱ्या संस्थेच्याच संकेतस्थळावर पोचलो आणि तिथले गुण कागदावरच्या गुणांशी ताडून पाहिले, तरच खात्री. म्हणजे ज्या क्षणी मुलीने डिजिटल गुणपत्रकाची प्रिंट काढली, त्या क्षणी तिच्या हातात पुन्हा साधी झेरॉक्सच आली. कारकुनाला कारण सांगता येत नसेल, पण त्याची शंका बरोबर होती.

मग छापूच नये का? छापावे, पण घेणाऱ्याने छापावे. या सगळ्या विषयात आमचे म्हणणे एवढेच आहे. विद्यार्थ्याने छापून आणलेल्या कागदावर विश्वास ठेवण्यापेक्षा कॉलेजने फाइल थेट घ्यावी, ठसा तपासावा आणि आपल्या दप्तरासाठी हवा तर कागद आपल्याच यंत्रावर काढावा. त्या कागदाचा उगम मग त्यांना स्वतःला ठाऊक असेल. दप्तरात कागद असणे यात मागासलेपण काहीच नाही. लेखापरीक्षणाला येणारा माणूस फाइल मागतो, तपासणी समिती पान उलटून पाहते. प्रश्न कागदाचा नाही, तो कुणाच्या हातून कुठे छापला गेला याचा आहे.

आपल्याकडे देणाऱ्याची बाजू बरीच उभी राहिली आहे, हे आधी मान्य करू. डिजिलॉकर २०१५ साली सुरू झाले. ९ जुलै २०१७ रोजी पदव्या-गुणपत्रके डिजिटल रूपात जपणाऱ्या राष्ट्रीय शैक्षणिक कोषागाराचा आरंभ झाला; पुढे २०२० पासून त्याचे काम डिजिलॉकरकडेच आले. २०२१ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने विद्यार्थ्यांचे श्रेयांक जमा ठेवणाऱ्या श्रेयांक बँकेचे नियम काढले. कायदाही मागे नाही. डिजिटल सहीला मान्यता देणारा माहिती तंत्रज्ञान कायदा २००० सालचा. डिजिटल लॉकरच्या २०१६ च्या नियमांत फेब्रुवारी २०१७ मध्ये दुरुस्ती होऊन, लॉकरमधून दिलेला दस्तऐवज मूळ दस्तऐवजाच्या बरोबरीचा मानायचा असे ठरले. राज्य मंडळाची गुणपत्रके निकालाच्या दिवशीच लॉकरमध्ये मिळू लागली आहेत. थोडक्यात, दाण्याचे पोते गोदामात सुरक्षित आहे, गोदामाला कुलूप आहे, पोत्यावर शिक्का आहे. पण उतरवून घेणारा हमाल नाही.

डिजिलॉकरच्या मूळ आखणीतच तीन बाजू आहेत: दस्तऐवज देणारी संस्था, तो मागणारी संस्था आणि ज्याचा दस्तऐवज आहे तो नागरिक. नागरिकाने संमती दिली की मागणाऱ्या संस्थेने देणाऱ्याकडून थेट घ्यायचे, अशी ही कल्पना. शिवाय तिथे गुणपत्रक दोन रूपांत असू शकते. एक डोळ्यांसाठी, म्हणजे छापता येणारे पान. दुसरे यंत्रासाठी: विषय कोणता, एकूण गुण किती, मिळाले किती, हे वेगवेगळ्या कप्प्यांत मांडलेला मजकूर. दुसरे रूप घेणारी आज्ञावली कॉलेजच्या प्रवेश रजिस्टरला जोडली, तर टंकायचे काही उरत नाही. बहुतेक छोट्या कॉलेजांत आज काय होते? विद्यार्थी पहिले रूप उतरवतो, छापतो, त्या प्रिंटचा मोबाइलने फोटो काढतो, फोटो ठरलेल्या आकारात बसेपर्यंत दाबतो, प्रवेशाच्या पोर्टलवर चढवतो, आणि पलीकडे बसलेला कारकून तो अंधुक फोटो डोळे बारीक करून वाचत गुण पुन्हा टंकतो. यंत्राने यंत्रासाठी लिहिलेला आकडा कागदावर उतरून, फोटोत शिरून आणि माणसाच्या नजरेतून गाळून शेवटी पुन्हा यंत्रातच जातो. वाटेत एखादा आकडा चुकला तर तो दुरुस्त करायला हेलपाटा विद्यार्थ्याचा.

जिथे घेणारी बाजू नीट बांधली गेली, तिथे किती फरक पडतो याचे उदाहरण घरचेच आहे. २०२५-२६ पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाले. राज्य मंडळाच्या विद्यार्थ्याने आपला बैठक क्रमांक टाकला की दहावीचे गुण आपोआप येतात. त्याला ते टंकावे लागत नाहीत, सिद्ध करावे लागत नाहीत. या प्रवेशप्रक्रियेविषयी तक्रारी पुष्कळ झाल्या, त्यातल्या अनेक रास्त होत्या. पण गुण घेण्याची ही एक गोष्ट नीट बसली आहे, आणि ती इतकी बिनबोभाट चालते की तिचे कुणी नावही काढत नाही.

पण हीच सोय दुसऱ्या मंडळाच्या मुलाला नाही, आणि आमच्या भागात अशी मुले कमी नाहीत. कुंडलपासून विट्याकडे निघालो की खानापूर, कडेगाव, आटपाडी, तासगाव या पट्ट्यात घर टाकून एक माणूस गलाईला गेलेला नाही असे गाव सापडणे अवघड. सोने-चांदी गाळून शुद्ध करण्याच्या धंद्यात इथल्या माणसांनी तमिळनाडू, केरळपासून थेट उत्तरेपर्यंत भट्ट्या लावल्या. पोरे तिथल्या शाळेत शिकली. मग कधी आजी-आजोबांकडे राहायचे म्हणून, कधी धंदा गुंडाळून, कुटुंब गावी परतते आणि दहावी झालेला मुलगा तालुक्याच्या कॉलेजात अकरावीला उभा राहतो. त्याच्या हातात केरळचे प्रमाणपत्र असेल तर त्यावर गुण नसतात, विषयापुढे श्रेणी असते. कारकुनाला टक्केवारी हवी असते. श्रेणीवरून टक्के कसे काढायचे, कोणते पाच विषय धरायचे, मल्याळम कुठल्या रकान्यात घालायचे, हे त्या खिडकीवर ठरते. खिडकीच्या अलीकडे बाप कोर्टात उभा राहिल्यासारखा उभा असतो. आयुष्यभर सोन्याचा कस लावलेला माणूस मुलाच्या प्रमाणपत्राचा कस तिसऱ्याने लावायची वाट बघतो.

इथे नुसते गुण पोचवून भागत नाही, गुणांचा अर्थही पोचवावा लागतो. घेणाऱ्या आज्ञावलीचे खरे काम तिथे सुरू होते: कोणत्या मंडळाची श्रेणी कशी वाचायची याचा एकच तक्ता राज्याने ठरवून द्यायचा, म्हणजे विट्याच्या कॉलेजात एक आणि पलूसच्या कॉलेजात दुसरा हिशेब होणार नाही.

हा प्रश्न जगात पहिल्यांदा आपल्यालाच पडलेला नाही. अमेरिकेत १९९० च्या दशकात कॉलेजांनी एकमेकांना गुणपत्रके संगणकावरून पाठवायला सुरुवात केली, तेव्हा पीडीएफची सवय अजून पडायची होती. व्यापारी कंपन्या मागणीपत्र आणि बिले ज्या सांकेतिक नमुन्यांत धाडत, त्याच घराण्यातला एक नमुना शिक्षणासाठी बनवला गेला. गुणपत्रकाच्या नमुन्याचा क्रमांक १३०. ऑस्टिन इथल्या टेक्सास विद्यापीठाने मधल्या टपालघराचे काम अंगावर घेतले. येणाऱ्या त्या सांकेतिक ओळी माणसाला वाचता येत नसत. म्हणून त्या उतरवून घेणाऱ्या, तपासणाऱ्या आणि नेहमीच्या गुणपत्रकासारख्या पानावर मांडून छापणाऱ्या आज्ञावल्या तिकडच्या कॉलेजांना लागल्या. छापायचे तर होतेच, पण छापायचे काम घेणाऱ्याच्या कचेरीत.

त्या रचनेतली आम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटते ती पुढची गोष्ट. १३० च्या पाठीवर १३१ क्रमांकाचा नमुना आहे. तो आहे पोचेचा. गुणपत्रक घेणारे कॉलेज त्यातला मोजका तपशील पाठवणाऱ्या कॉलेजला परत कळवते: अमक्याचे अमुक गुणपत्रक आम्हाला मिळाले. पाठवणारा ते आपल्या दप्तराशी ताडतो. समजा कुणी भामट्याने त्या कॉलेजच्या नावाने बनावट गुणपत्रक घुसवले. पोच खऱ्या कॉलेजकडे जाणार, आणि तिथला माणूस म्हणणार की हे तर आम्ही पाठवलेच नाही. एवढ्याशा पोचेने दोन्ही टोके बांधली जातात.

पोच ही गोष्ट आपल्या माणसाला समजावून सांगावी लागत नाही. मनीऑर्डरच्या फॉर्मचा खालचा तुकडा सही होऊन परत यायचा, तेव्हा मुंबईच्या गिरणीतल्या मुलाला कळायचे की आईला पैसे मिळाले. कोर्टकज्ज्यात अडकलेल्या प्रत्येकाला आरपीएडीचे कार्ड ठाऊक असते. किर्लोस्करवाडीच्या ज्या स्टेशनाला पूर्वी कुंडल रोड म्हणत, तिथून माल सुटला की पावती हाती असल्याशिवाय पलीकडच्या स्टेशनावर तो कुणी सोडून देत नसे. पाठवणे आणि पोचणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आपल्या जुन्या कारभाराला पक्के माहीत होते. डिजिटल कारभारात मात्र 'अपलोड सक्सेसफुल' एवढेच दिसते. फोटो पोचला की हरवला, कुणी उघडला की नाही, गुण कोणते वाचले, यातले काहीच कळत नाही. कळते ते थेट गुणवत्ता यादीत नाव नसल्यावर.

परदेशी जाणाऱ्या मुलांना ही गोष्ट फार लवकर उमगते. कॅनडाला जायचे तर मूल्यमापन करणारी संस्था ट्रान्सक्रिप्ट विद्यार्थ्याच्या हातून घेत नाही. विद्यापीठाने बंद पाकिटात, पाकिटाच्या जोडावर सही-शिक्का मारून पाठवायचे किंवा विद्यापीठाने थेट इलेक्ट्रॉनिक वाटेने. दोन्हींतले तत्त्व एकच: मधल्या माणसाचा हात लागता कामा नये. हा अविश्वास अपमान म्हणून घेण्याचे कारण नाही. उलट विद्यार्थ्याच्या डोक्यावरचे सिद्ध करण्याचे ओझे त्याने उतरते. टोरंटोच्या कचेरीसाठी आपली विद्यापीठे जे करतात, ते पलूसच्या कॉलेजसाठी का होऊ नये?

डिजिटल नोंदीची गरज किती, हे पलूस तालुक्याला वेगळे सांगायला नको. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचे पाणी भिलवडी, अंकलखोप, ब्रह्मनाळच्या घरांत शिरले. ब्रह्मनाळला नाव उलटून माणसे गेली. त्या दुःखापुढे कागदांचे काय, असे कुणालाही वाटेल. पण पाणी ओसरल्यावर घरोघरी जो चिखल उपसला, त्यात गुणपत्रके होती, शाळा सोडल्याचे दाखले होते, जातीचे दाखले होते. एकमेकांना चिकटलेले कागद हलक्या हाताने सुटे करून बाजल्यावर उन्हात ठेवायचे, वर खडा ठेवायचा. लॅमिनेशन केले म्हणून वाचेल असे वाटलेले गुणपत्रकही कडेने पाणी शिरून आतल्या आत फुगायचे. जुलै २०२१ मध्ये पुन्हा पूर आला. नोंद मंडळाच्या संगणकावर सुरक्षित आहे, हा या गावांना मोठा दिलासा आहे. पण ती नोंद कॉलेज थेट घेत नसेल आणि 'ओरिजनल' मागत असेल, तर दुय्यम प्रतीसाठी दिवस मोडून कोल्हापूरच्या विभागीय मंडळाची वाट धरावीच लागणार.

घेणारी आज्ञावली बसवली की सगळे सुरळीत होईल, असे आम्ही म्हणणार नाही. पहिला अडथळा नावाचा आहे. आपल्याकडे शाळेच्या जनरल रजिस्टरात आधी आडनाव, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे. देशभरासाठी बनलेल्या प्रणाली पहिले, मधले, शेवटचे असे रकाने मागतात. आधारवर नाव एका क्रमाने, गुणपत्रकावर दुसऱ्या. 'कांबळे' एका कागदावर इंग्रजीत एका तऱ्हेने लिहिलेले, दुसऱ्यावर एक अक्षर जास्त. लग्नानंतर नाव बदललेल्या बाईची पदवी माहेरच्या नावाने आणि आधार सासरच्या. १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर आईचे नावही नावातच येणार आहे. निर्णय योग्यच आहे, पण ते कोणत्या रकान्यात बसवायचे हे आत्ताच ठरवले नाही, तर ही मुले दहावीला येतील तेव्हा नवा घोळ उभा राहील. नाव जुळत नाही म्हणून यंत्र दस्तऐवज परत पाठवते, तेव्हा दोष मुलाचा नसतो. म्हणून नाव थोडे इकडेतिकडे असले तरी बैठक क्रमांक, वर्ष, जन्मतारीख आणि आईचे नाव यांवरून ओळख पटवणारी आणि शंका राहिलीच तर माणसापुढे ठेवणारी व्यवस्था हवी. यंत्राने 'नाही' म्हणून खिडकी बंद करू नये.

दुसरा अडथळा अक्षरांचा. कित्येक शाळा-कॉलेजांतल्या जुन्या नोंदी श्रीलिपी, आकृती अशा युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टंकलेल्या आहेत. त्या दुसऱ्या संगणकावर उघडल्या की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा चिवडा दिसतो. हे रूपांतर वेळखाऊ आणि किचकट काम आहे, पण ते एकदाच करायचे आहे.

तिसरी गोष्ट संमतीची, आणि ती आम्हाला सर्वांत जास्त खुपते. पहिल्या प्रसंगातल्या त्या मुलीचे गुणपत्रक अजून दुकानदाराच्या व्हॉट्सअॅपवर आणि त्याच्या संगणकाच्या डाउनलोड फोल्डरमध्ये आहे. आदल्या दिवशी आलेल्या चाळीस मुलांची आधार कार्डेही तिथेच असतील. दुकानदार भला माणूस आहे. तो काही करणार नाही. पण डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये करणाऱ्या देशात मुलींची जन्मतारीख, छायाचित्र आणि पत्ता असलेले कागद पेठेतल्या संगणकावर साठत राहावेत, हे बरे नव्हे. कॉलेजने थेट घेतले तर हा थांबा वाटेतून आपोआप निघून जातो.

स्थलांतराचा आणखी एक धागा इथेच जोडला पाहिजे. कुंडलच्या क्रांतिअग्रणी साखर कारखान्याचा हंगाम सुरू झाला की बीडकडून ऊसतोड कुटुंबे येतात, पोरेबाळे घेऊन. शाळकरी मुलांच्या नोंदींसाठी राज्याने २०१५ मध्ये 'सरल' आणले. त्यात नव्या शाळेने मागणी करायची आणि जुन्या शाळेने मान्यता द्यायची, असा मार्ग आहे. पुन्हा तीच दोन टोके, देणारा आणि घेणारा. पोरगे फडावरच्या कोपीत आणि नाव गावाकडच्या शाळेत, असे महिनोन् महिने राहते ते तंत्र नाही म्हणून नव्हे. हंगामापुरत्या आलेल्या मुलाला आपले म्हणायची घाई कुणालाच नसते म्हणून.

कुंडलला हे सांगताना थोडा संकोच वाटतो, कारण कारभार माणसाच्या दारात आणण्याचा अनुभव या गावाला इतरांहून जुना आहे. औंध संस्थानातले हे गाव. १९३९ मध्ये त्या संस्थानाने राज्यकारभार ग्रामपंचायतींच्या हाती देणारी घटना स्वीकारली. पुढे १९४३ पासून साताऱ्याच्या प्रतिसरकारचे हे प्रमुख केंद्र. तंटे गावातच ऐकून गावातच निकाल देणारी ती माणसे होती. अशा गावातल्या मुलीला एका गुणपत्रकासाठी दिवस मोडून कोल्हापूरला जावे लागू नये.

काम मोठे आहे, पण सुरुवात छोटी करता येते. शिवाजी विद्यापीठाच्या अखत्यारीतल्या कॉलेजांना वेगवेगळ्या आज्ञावल्या विकत घ्यायला लावण्यापेक्षा विद्यापीठाने एकच घ्यावी किंवा बनवून घ्यावी आणि ती सर्वांना द्यावी. राज्य मंडळाने पोच स्वीकारण्याची सोय आपल्या बाजूने उघडावी. कारकुनांना दोन दिवसांचे प्रशिक्षण द्यावे आणि त्यात पिवळे प्रश्नचिन्ह हिरवे कसे करायचे हे प्रत्येकाच्या हाताने करून घ्यावे. मूळ प्रमाणपत्रे अडकवून ठेवू नयेत, असे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्येच बजावले आहे. ते पाळायला या व्यवस्थेने आपोआप मदत होईल, कारण थेट मिळालेल्या नोंदीपुढे मूळ कागद ठेवून घेण्याचे कारणच उरत नाही.

पुढच्या जूनमध्ये त्या मुलीच्या धाकट्या बहिणीने प्रवेशाचा अर्ज भरला की तिच्या मोबाइलवर मराठीत एक ओळ यावी: आपले बारावीचे गुणपत्रक मंडळाकडून मिळाले, तपासले, एकूण गुण अमुक, चूक असल्यास सात दिवसांत कळवा. आणि तीच ओळ त्याच वेळी मंडळालाही जावी.